लोकल हायर

शिक्षकाने शाळा निवडायची असते, ही कल्पनाच आमच्या घराला नवी होती. बाबा जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षक. त्यांच्या नोकरीत बदलीचा आदेश यायचा, त्यावर एका गावाचं नाव असायचं आणि बाबा तिथे रुजू व्हायचे. आधी सायकल, मग लुना, मग हिरो होंडा. वाहन बदललं, पद्धत नाही. देवरी तालुक्यातली चिचगड-ककोडीकडची गावं त्यांनी अशीच केली. १ मे १९९९ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हा आदेशावरचं जिल्ह्याचं नाव बदललं. जंगलातून जाणारा रस्ता तोच राहिला. ‘ही शाळा मला जमेल का?’ असं त्यांनी कधी विचारलं नाही. विचारणार कोणाला?

माझी ताई मात्र २०२५च्या जानेवारीत दुबईत बसून पाच शाळांची नावं घेऊन हाच प्रश्न विचारत होती. कोणत्या शाळेत अर्ज करू? कोणती घेऊ? आणि हा प्रश्न ती मला विचारत होती, कारण मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि आमच्या घरात ‘ऑनलाइन शोधणे’ हे माझं खातं आहे. मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम करतो आणि वर्षातले काही महिने देवरीतून करतो. दुबईत व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल चालत नाही, म्हणून आमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये बोटिम आहे. तिथले रात्री साडेआठ म्हणजे आमचे दहा. त्या वेळेला आई-बाबा, मी आणि मध्ये ठेवलेला फोन, अशी आमची बैठक जवळजवळ दोन महिने चालली.

ताईबद्दल थोडं सांगायला हवं. ती माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. नागपूर विद्यापीठाची बी.एस्सी., बी.एड., विषय गणित. बी.एड.नंतर तिने आमच्याच भागातल्या एका विनाअनुदानित शाळेत शिकवलं. पगारपत्रकावर एक रक्कम, हातात दुसरी. आणि ‘अनुदान आलं की सगळं निघेल’ हा दिलासा. महाराष्ट्रात ज्यांच्या घरात कोणी अशा शाळेत शिकवलंय, त्यांना हे वाक्य समजावून सांगावं लागणार नाही. डिसेंबर २०१७मध्ये पहिली शिक्षक अभियोग्यता चाचणी झाली, ती तिने दिली. मग पवित्र पोर्टल आलं, मग त्यावरच्या तारखा आल्या, मग त्या तारखा पुढे गेल्या. तेव्हा माध्यमिक शिक्षणसेवकाचं मानधन महिन्याला ८,००० रुपये होतं. २०२३मध्ये ते १८,००० झालं. मधल्या काळात तिचं लग्न झालं, कोरोना आला, मुलगी झाली आणि २०२१मध्ये ती भाऊजींकडे दुबईला गेली. भाऊजी तिथे एका कंपनीत एसी प्लांटचे इंजिनिअर आहेत. पोरगी आता पाच वर्षांची झाली आणि ताईला पुन्हा वर्गात उभं राहायचं होतं.

पाटीवरचा शब्द

बाबांचा पहिला प्रश्न होता, “इंटरनॅशनल म्हणजे का रे असते त्या शाळेत?”

प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नाही. महामार्गाने देवरीहून कुठल्याही दिशेला निघा, दर तालुक्याच्या गावाबाहेर एखादी ‘इंटरनॅशनल’ किंवा ‘ग्लोबल’ स्कूलची पाटी दिसते. आत पोरं आपल्याच गावची, मॅडम आपल्याच गावच्या. पाटीवरच्या शब्दाचा अर्थ तिथे एवढाच की पिवळी बस आहे आणि टाय आहे.

मुळात हा शब्द सरळ अर्थाने आला होता. पहिल्या महायुद्धानंतर जिनिव्हात राष्ट्रसंघाचं कार्यालय झालं. तिथे देशोदेशीचे अधिकारी राहायला आले, त्यांच्या पोरांसाठी १९२४मध्ये ‘इंटरनॅशनल स्कूल ऑफ जिनिव्हा’ सुरू झाली. वडिलांची बदली झाली तरी पोराचं शिक्षण तुटू नये, एवढी साधी गरज. याच गरजेतून पुढे १९६८मध्ये इंटरनॅशनल बॅकलॉरिएट म्हणजे आयबी आलं. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे बदलीवाल्याच्या पोरांची शाळा.” बरोबरच आहे. फरक एवढाच, की आता जगभरातल्या अशा शाळांमध्ये बदलीवाल्यांपेक्षा तिथल्याच पैसेवाल्यांची पोरं जास्त असतात.

आपल्या सरकारलाही या शब्दाचा मोह पडला होता. जिल्हा परिषदेच्या निवडक शाळांसाठी ‘महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ’ निघालं आणि २०२०मध्ये ते बंदही झालं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं. रक्कम दहा लाख डॉलर, त्यातली निम्मी त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. हे बक्षीस देणारी वार्की फाउंडेशन दुबईतल्या शाळांच्या पैशावर उभी राहिली आहे. १९५९मध्ये केरळातलं एक शिक्षक जोडपं दुबईला गेलं, लोकांना इंग्रजी शिकवू लागलं, १९६८मध्ये त्यांनी स्वतःची शाळा काढली. त्यांच्या मुलाने पुढे त्याचं मोठं साम्राज्य केलं. म्हणजे दुबईतल्या या सगळ्या शाळांच्या धंद्याच्या मुळाशी दोन भारतीय शिक्षकच आहेत. ताईला ही गोष्ट फार आवडली. “मग आपला नंबर लागायला हरकत नाही,” असं ती म्हणाली.

अहवालाचं पहिलं पान

दुबईतल्या बहुतेक शाळा खासगी आहेत आणि त्या अभ्यासक्रमावरून ओळखल्या जातात. ब्रिटिश, भारतीय, अमेरिकन, आयबी वगैरे. भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, ब्रिटिश आणि आयबीचं उन्हाळ्यानंतर. या सगळ्यांवर केएचडीए नावाची सरकारी संस्था देखरेख करते. २००८पासून तिच्या तपासनीसांनी शाळांमध्ये जाऊन अहवाल लिहिले आणि ते लोकांसाठी खुले ठेवले. शाळांना दर्जा मिळतो. सर्वोत्कृष्ट, उत्तम, चांगली, ठीक, कमकुवत, अशी उतरंड. बरीच वर्षं या दर्जावर शाळेला किती फी वाढवता येईल हेही ठरत होतं.

हे अहवाल पालकांसाठी आहेत. पण शिक्षकानेही वाचावेत असे आहेत, विशेषतः पहिलं पान. तिथे शाळेची कुंडली असते. विद्यार्थी किती, शिक्षक किती, सहायक शिक्षक किती. विद्यार्थ्यांमध्ये सर्वांत मोठा गट कोणत्या देशाचा आणि शिक्षकांमध्ये कोणत्या. काही वर्षांच्या अहवालांत वर्षभरात किती टक्के शिक्षक सोडून गेले तेही दिलेलं असतं.

मी एक शीट बनवली. पाच ओळी, पाच शाळा. तीन भारतीय अभ्यासक्रमाच्या, दोन ब्रिटिश. दर्जा, पटसंख्या, दर शिक्षकामागे विद्यार्थी, सोडून गेलेले शिक्षक, घरापासूनचं अंतर. भारतीय शाळांच्या रकान्यात विद्यार्थीही भारतीय, शिक्षकही भारतीय. ब्रिटिश शाळांपैकी एकीत विद्यार्थ्यांचा मोठा गट भारतीय होता आणि शिक्षकांचा मोठा गट ब्रिटिश. सहायक शिक्षकांचा फक्त आकडा होता. ते कोणत्या देशाचे, हा रकानाच मी वाचलेल्या अहवालांत नव्हता.

ताईने त्या शाळेच्या वेबसाइटवरचे वर्गांचे फोटो झूम करून पाहिले. वर्गात पुढे उभी असलेली शिक्षिका आणि मागे पोरांजवळ खाली बसलेली दुसरी बाई. “मागची आपल्याकडची आहे,” ती म्हणाली. तिने चार-पाच फोटो पाहिले, आणि प्रत्येक वेळी ते खरं होतं.

आईने मात्र माझ्या शीटकडे पाहून एकच गोष्ट विचारली. “काहून सोडून रायले ते मास्तर?” किती सोडून गेले हा रकाना होता, का गेले हा नव्हता. मी तो रकाना वाढवला आणि तो भरायचं काम ताईकडे दिलं. त्याबद्दल पुढे सांगतो.

एकस्तर आणि लोकल हायर

परदेशी शाळांच्या नोकरीत एक शब्द कळीचा आहे, आणि तो जाहिरातीत बारीक अक्षरात असतो. ‘लोकल हायर’. शाळेने तुम्हाला तुमच्या देशातून आणलं, तर तुम्ही ‘ओव्हरसीज हायर’. मग घर किंवा घरभाडं, वर्षाला विमानाचं तिकीट, आणि बरंच काही. पण तुम्ही आधीच त्या शहरात राहत असाल, विशेषतः नवऱ्याच्या व्हिसावर, तर तुम्ही स्थानिक. काम तेच, वर्ग तोच, पण घर आणि तिकीट नाही. त्यामागचा हिशेबही सरळ आहे. तुमचं घर तर नवऱ्याची कंपनी देतेच आहे.

ताई दुबईत स्थानिक कशी, हे आईला काही केल्या कळेना. चार वर्षांत तिथल्या उन्हाचीही तिला सवय झाली नाही.

बाबांना मात्र ते लगेच कळलं, आणि त्यांनी ‘एकस्तर’ची आठवण काढली. बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याला तो तिथे आहे तोवर एक पायरी वरची वेतनश्रेणी मिळते, तिला एकस्तर म्हणतात. गोंदिया-गडचिरोलीच्या शिक्षकांच्या गप्पांत पगाराचा विषय निघाला की हा शब्द येतोच. बाबांचं म्हणणं असं की एकस्तर जागेला मिळतं, माणसाला नाही. पुण्याहून आलेला मास्तर असो की चिचगडचा, ककोडीत शिकवतो तर दोघांनाही मिळतं. दुबईत उलट आहे. जागा सगळ्यांची एकच, आणि पायरी ठरते तुम्ही कुठून आलात, कोणत्या कागदावर आलात यावरून.

पण लोकल हायरला एक दुसरी बाजूही आहे, आणि ती भाऊजींनी दाखवली. ताईचा व्हिसा भाऊजींच्या नावावर राहणार, शाळा फक्त कामाचा परवाना काढणार. म्हणजे नोकरी सुटली तरी देश सोडावा लागणार नाही. शाळेने आणलेल्या शिक्षकाची नोकरी, घर आणि व्हिसा एकाच खिळ्याला टांगलेले असतात. ताईला ‘नाही’ म्हणायची मुभा होती. तिच्या हातात एवढी एक गोष्ट होती, आणि ती छोटी नव्हती.

करारपत्र वाचायचं काम माझ्याकडे आलं. अमिरातीचा सध्याचा कामगार कायदा २०२१चा, फेब्रुवारी २०२२पासून लागू. प्रोबेशन जास्तीत जास्त सहा महिने. नोकरी लावण्याचा खर्च मालकाने करायचा, कामगाराकडून घ्यायचा नाही. वर्ष पूर्ण झालं की ग्रॅच्युइटी. पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांच्या मूळ पगाराइतकी. यातला ‘मूळ पगार’ हा शब्द अधोरेखित करा. समजा महिन्याचे एकूण ५,००० दिरहम ठरले. एका करारात मूळ पगार ४,००० आणि भत्ते १,०००, दुसऱ्यात मूळ २,००० आणि भत्ते ३,०००. दर महिन्याला खात्यात सारखेच पैसे येतात. पण वर्षाची ग्रॅच्युइटी पहिल्यात साधारण २,८०० दिरहम होते आणि दुसऱ्यात १,४००. एकूण पगार विचारणाऱ्याला हा फरक कोणी सांगत नाही.

बाबांनी एकच अट घातली. “ओरिजिनल कोनाले देजो नोको.” तपासायला दाखवायची, स्कॅन द्यायची, पण सर्टिफिकेटं शाळेच्या कपाटात ठेवायची नाहीत. ताईच्या जुन्या शाळेने तिची मूळ कागदपत्रं ठेवून घेतली होती आणि ती सोडवायला बाबांना सहा फेऱ्या माराव्या लागल्या होत्या. परदेशासाठी तर त्या कागदांवर आणखी शिक्के चढतात. राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय, अमिरातीचा दूतावास, मग तिथलं परराष्ट्र खातं. एका बी.एड.च्या पदवीच्या पाठीवर इतके शिक्के पाहून आई म्हणाली की पोरीपेक्षा तिचा कागदच जास्त फिरला.

मॅडम, मिस, असिस्टंट

मार्चपर्यंत पाचांपैकी दोन ओळी उरल्या.

एक भारतीय अभ्यासक्रमाची शाळा. दर्जा ‘चांगली’. सहावी ते आठवीला गणित, एक वर्ग स्वतःचा. वर्गात तीसच्या वर पोरं, आठवड्याला २८ तास, वर वह्या. पगार बेताचा. पोरीच्या फीत थोडी सूट.

दुसरी ब्रिटिश शाळा. दर्जा ‘उत्तम’. पद सहायक शिक्षिकेचं, लहान मुलांच्या वर्गात. ताईने अर्ज गणिताच्या शिक्षिकेसाठी केला होता. मुलाखतीत सगळे अतिशय नम्रपणे बोलले आणि म्हणाले की मुख्य शिक्षकांसाठी आम्ही ब्रिटनमधली पात्रता पाहतो, पण तुमची पार्श्वभूमी उत्तम आहे, सहायक म्हणून आम्हाला नक्की आवडेल. तिला एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखवायला सांगितली. वाचून झाल्यावर ‘उच्चार आणखी न्यूट्रल करता येतील’ असा सल्लाही मिळाला. पगार भारतीय शाळेपेक्षा थोडा कमी. पण पोरीच्या फीत मोठी सूट. ती धरली तर वर्षाचा हिशेब या शाळेकडे स्पष्ट झुकत होता. ती शाळा पोरीला एरवी परवडणारीच नव्हती.

इथे शीट संपली. म्हणजे आकडे सगळे होते, बेरीजही होती. पण ताईला बेरीज नको होती.

घरात कोण काय म्हणेल याचा माझा अंदाज असा होता की बाबा शिक्षकपणाच्या बाजूने उभे राहतील आणि भाऊजी पैशाच्या. झालं वेगळंच. भाऊजी म्हणाले, तुला ज्यात रोज घरी येऊन बोलावंसं वाटेल ते घे. आणि बाबा म्हणाले, “सहायक तर सहायक. पोरीची शाळा होते ना.”

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. मग ते बोलले. एकशिक्षकी शाळेत चार वर्ग एका खोलीत बसवून त्यांनी वर्षं काढली. स्वतःच्या दोन पोरांना मात्र शिकायला देवरीत ठेवलं. आपल्या पोरांसाठी बरी शाळा शोधणं यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. “मास्तर बी बापच असते आधी,” असं ते म्हणाले. पोरीच्या चौदा वर्षांच्या शाळेपुढे आईच्या पदाचं नाव काय, हा त्यांचा प्रश्न होता. त्याला सोपं उत्तर नाही. दुबईत बी.एड., एम.एस्सी. झालेल्या कितीतरी बायका हाच हिशेब करून सहायक म्हणून काम करतात, आणि तो हिशेब चुकीचा नसतो. घर चालतं, पोरं चांगल्या शाळेत शिकतात, वेळेवर सुटी होते.

आईचा प्रश्न शेवटी आला. “तिथं तिले मॅडम म्हनतीन का?”

ताई हसली. तिथे सगळ्यांनाच मिस म्हणतात, ती म्हणाली. मुख्य शिक्षिकेलाही आणि सहायिकेलाही. म्हणजे हाक सारखीच, फळ्याजवळ कोण उभं राहणार एवढंच वेगळं.

सोडून गेलेल्यांना विचारा

‘का सोडून गेले’ हा आईचा रकाना ताईने त्या महिन्यात भरला. बिल्डिंगमधल्या ओळखी, मराठी मंडळींच्या कार्यक्रमांतल्या ओळखी, पोरीच्या पार्कातल्या आया, असं करत तिने दोन्ही शाळांमधून बाहेर पडलेल्या चौघींशी बोलणं केलं. परदेशात शाळा निवडणाऱ्या कुणालाही मला एकच सल्ला द्यायचा असेल तर तो हा. शाळेत असलेल्या शिक्षकाला विचारलं तर तो जपून बोलतो. शाळा जाहिरातीत बोलते. अहवाल पालकांशी बोलतो. जो सोडून गेला आहे आणि ज्याचा त्या शाळेशी आता काही देण्याघेण्याचा संबंध नाही, तोच तुम्हाला सांगतो की ऑफ तासाला तुम्हाला खरंच ऑफ मिळतो का, पालकाने तक्रार केली तर मुख्याध्यापक आधी कोणाला बोलावतात, आणि राजीनामा दिल्यावर शेवटचा पगार किती दिवसांनी येतो.

भारतीय शाळेतून गेलेल्या दोघींनी कारणं सांगितली ती ओळखीची होती. वह्यांचं ओझं, जादा तास, शनिवारच्या मीटिंगा. एक बाई तर म्हणाली की देश बदलला, स्टाफरूम बदलली नाही. पण दोघींनी हेही सांगितलं की पगार तारखेला बँकेत येतो आणि कागदपत्रं कोणी अडवत नाही. बाबांच्या चाचणीत शाळा पास झाली.

ब्रिटिश शाळेत तीन वर्षं सहायिका राहिलेल्या एका बाईंनी शाळेबद्दल एकही वाईट शब्द काढला नाही. माणसं चांगली, वागणूक चांगली, तिथली मुलंही गोड. मग सोडली का? तर त्या म्हणाल्या, तीन वर्षांत मला एकाही मुलाने एकही प्रश्न विचारला नाही. शू लागली, पेन्सिल तुटली, हे विचारलं. शिकण्यातला प्रश्न मुलं पुढे उभ्या असलेल्या मिसलाच विचारायची. लॅमिनेशन मात्र मी फार छान शिकले.

वर चढायचा रस्ता नाही असं नाही. ब्रिटिश शिक्षकपात्रता आता ब्रिटनला न जाताही मिळवता येते, त्यासाठी २०२२पासून आंतरराष्ट्रीय क्यूटीएस निघालं आहे. पण त्याची फी भरायची, वर्षभर नोकरी सांभाळून ते करायचं, आणि त्यानंतरही त्या शाळेने तुम्हाला पुढे उभं करायचं. तीन ‘जर’ एका ओळीत आले की आमच्या व्यवसायात आम्ही त्या प्रोजेक्टची तारीख कोणाला सांगत नाही.

ताईचं उत्तर मात्र यातल्या कशावर ठरलं नाही. भारतीय शाळेने तिला सातवीत डेमो तास घ्यायला बोलावलं होतं. विषय पूर्णांकांचा गुणाकार. मागच्या बाकावरच्या एका पोराने विचारलं, वजा गुणिले वजा अधिक का होतं, आमच्या सरांनी नियम आहे म्हणून सांगितलं. ताईने ठरवून नेलेला पाठ बाजूला ठेवला. फळ्यावर लिहिलं, तीन गुणिले वजा दोन, उत्तर वजा सहा. त्याखाली दोन गुणिले वजा दोन, वजा चार. एक गुणिले वजा दोन, वजा दोन. शून्य गुणिले वजा दोन, शून्य. उत्तर दर पायरीला दोनाने वाढतंय ना? आता पुढची पायरी तुम्ही सांगा, वजा एक गुणिले वजा दोन? वर्ग एक क्षण गप्प होता आणि मग पाच-सहा पोरं एकदम म्हणाली, अधिक दोन.

हे सांगताना तिचा आवाज मी फार वर्षांनी ऐकत होतो. देवरीच्या आमच्या ओसरीत शेजारची पोरं घेऊन ती शिकवणी घ्यायची, तेव्हाचा तो आवाज. बाबांनी पुढे काही म्हटलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, त्या पोराचं नाव काय. तिला ते माहीत होतं.

तिने भारतीय शाळा घेतली. त्याची किंमत आहे आणि ती दर वर्षी मोजावी लागणार आहे, हेही तिने त्याच रात्री भाऊजींबरोबर बसून लिहून काढलं. पोरगी त्याच शाळेत जाते. वर्गात तीसच्या वर मुलं आहेत, जलतरण तलाव नाही. उद्या ती आईला विचारेल की तू मला त्या दुसऱ्या शाळेत का नाही घातलं, तेव्हा काय सांगायचं ते ताईने अजून ठरवलेलं नाही. एप्रिलमध्ये ती रुजू झाली. पहिल्या महिन्यात रोज रात्री वह्या तपासताना फोन चालू ठेवायची, आम्ही इकडे जेवत असायचो. बोलणं फारसं व्हायचं नाही. पानं उलटल्याचा आवाज यायचा.

एप्रिल संपता संपता महाराष्ट्रात पुन्हा अभियोग्यता चाचणीचे अर्ज सुटले. बाबांनी नेहमीप्रमाणे बातमी घरच्या ग्रुपवर टाकली, सोबत काही न लिहिता. ताईने अर्ज भरला नाही. परीक्षा मे-जूनमध्ये झाली, निघूनही गेली.

शीट अजून आमच्या दोघांच्या ड्राइव्हवर आहे. तिच्या ओळखीतल्या दोघी आता ती वापरतात, म्हणून मी मध्ये एकदा ती नीट करायला उघडली. ताईने दोन बदल केले होते. शेवटी एक नवा रकाना होता, ‘सोडता येईल का?’, आणि पाचही शाळांपुढे त्यात नोटिशीचा काळ, व्हिसा कोणाचा, कागदपत्रं कोणाजवळ, असं व्यवस्थित भरलेलं होतं. आणि खाली एक सहावी ओळ वाढली होती. ‘जि. प., गोंदिया.’ पगाराच्या रकान्यात १८,००० लिहिलं होतं. बाकीचे रकाने रिकामे होते. मी त्यांना हात लावला नाही.